संगणकातील मराठी अक्षर

संगणकाचा इतिहास म्हणून बहुधा यंत्रांचाच इतिहास सांगितला जातो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत उभारलेला 'टिफ्रॅक' १९६० साली कार्यान्वित झाला. सुमारे २,७०० निर्वात नळ्यांचे ते अवाढव्य यंत्र शास्त्रज्ञांची गणिते सोडवीत असे. आमच्या अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्यातील शेतकऱ्याशी त्याचा काही संबंध नव्हता. तो जुळण्यासाठी संगणकाला आधी मराठी अक्षर शिकावे लागले. आम्हांस तो इतिहास यंत्रांच्या इतिहासाहून अधिक जवळचा वाटतो.

मराठीला ही अडचण नवी नव्हती. फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली गोव्यात छापले गेले. त्याची भाषा मराठी. पण देवनागरी खिळे उपलब्ध नसल्याने लिपी मात्र रोमन. १८४२ साली 'ज्ञानोदय' अहमदनगरातून निघू लागले, तोवर देवनागरी छपाई चांगली रुळली होती. तरीही अर्धी अक्षरे, काना-मात्रा, जोडाक्षरे यांचे कितीतरी कप्पे जुळाऱ्यापुढे मांडलेले असत.

संगणकाजवळ इतके कप्पे नव्हते. आठ बिटांच्या संकेतात जागा २५६, आणि त्यांतील निम्म्या रोमन अक्षरांनी व चिन्हांनी आधीच व्यापलेल्या. उरलेल्या १२८ जागांत सारी जोडाक्षरे कशी मावणार? कानपूरच्या आयआयटीत १९८० च्या दशकात झालेल्या संशोधनाने यावर सुंदर तोडगा दिला: केवळ मूळ वर्ण साठवावेत, ते जोडून दाखविण्याचे काम यंत्राने करावे. 'क', हलन्त आणि 'ष' एवढे नोंदविले की 'क्ष' उमटतो. आपल्या वर्णमालेची शास्त्रशुद्ध मांडणीच येथे उपयोगी पडली. १९८८ साली पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅकने हे काम 'जिस्ट' या नावाने पुढे नेले आणि १९९१ साली 'इस्की' हा संकेत भारतीय मानक ठरला. त्याच वर्षी त्याच संस्थेचा 'परम' महासंगणक गाजला. त्याचे कौतुक योग्यच. पण सामान्य माणसाच्या कागदपत्रांशी नाते 'जिस्ट'चे अधिक होते.

छापखान्यांनी मात्र निराळीच वाट धरली. अक्षरांचे तुकडे रोमन अक्षरांच्या जागी बसवून प्रत्येकाने आपापले फॉन्ट तयार केले. छापील पान देखणे निघे. पण तोच मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की निरर्थक रोमन अक्षरांची रांग दिसे. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत, म्हणजे १९९१ सालीच, देवनागरीला स्थान मिळाले होते. पण ती सोय घरगुती संगणकापर्यंत यायला पुढील शतक उजाडले.

मराठीची खास अक्षरे तरीही रखडली. राहाता तालुक्यातील कोऱ्हाळे गावाचेच नाव घ्या. साध्या 'र'ला हलन्त जोडला तर त्याचा रफार होतो आणि 'कोर्हाळे' उमटते. 'ऱ्ह'साठी निराळा 'ऱ' लागतो, आणि तो कळफलकावर कोठे आहे हे टंकलेखकाला ठाऊक असावे लागते. 'ॲ'ला तर युनिकोडमध्ये स्वतंत्र जागा २००८ साली मिळाली.

ही केवळ व्याकरणाची हौस नव्हे. पूर्वी सातबाऱ्याचा उतारा तलाठी हाताने लिहून देत. पीककर्जासाठी सोसायटीत जायचे, तर आधी तलाठ्याची गाठ पडली पाहिजे. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी आपले पीक स्वतः मोबाइलवर नोंदवू लागला. खेटे वाचले, ही मोठीच सोय झाली. परंतु हस्तलिखित दप्तर वाचणारा तलाठी गावातील माणसे ओळखीत असे. यंत्र फक्त संकेत ओळखते. 'ॲन्थनी', 'ऍन्थनी' आणि 'अँथनी' ही आपणांस एकाच माणसाची नावे वाटतात. संगणकाला ती तीन माणसे वाटतात. आमच्या धर्मग्रामांतील बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत एक रूप, आधारपत्रावर दुसरे, सातबाऱ्यावर तिसरे, असे झाले की वारसनोंद अडते. मग एका मात्रेपायी म्हातारी विधवा प्रतिज्ञापत्र करण्यासाठी तालुक्याची एस.टी. पकडते.