एका खणात एक चोळी



‘खण’ हा शब्द आता आपण कापडाच्या जातीसाठी वापरतो. खणाची साडी, खणाचा कुर्ता, खणाची पर्स. मुळात मात्र खण हे माप होतं. एका चोळीपुरतं कापड म्हणजे एक खण. दुकानात तो त्रिकोणी घडी घालून ठेवलेला असायचा आणि ओटीत नारळाबरोबर यायचा. त्यात एक चोळी बसायची, आणि चूक झाली तर ती झाकायला वीतभरही कापड उरायचं नाही. आपल्या आज्या-पणज्या घरात बसून या खणाला कात्री लावत. त्याला इतिहास म्हणून कोणी फारसं मोजत नाही, म्हणून आज लिहायला घेतलं.

खण विणला जायचा दूर, आजच्या कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यातल्या गुळेदगुड्डला. विणणारे कानडी, नेसणाऱ्या बहुतेक मराठी बायका. बारीक बुट्ट्यांचं अंग आणि दोन्ही बाजूंना उठावदार काठ. आपल्या समाजातल्या कित्येक घरांची गावोगावी कापडाची दुकानं होती. पिंपरी पेंढारसारख्या, ओतूर-आळेफाट्याच्या मधल्या गावांतल्या शेतकरी बायकांपर्यंत असला माल अशाच दुकानांतून पोचायचा. दुकान आपलं असलं म्हणून घरातल्या बायकांना हवा तेवढा खण मिळायचा, असं मात्र नाही. दुकानातला माल वहीत असतो. बाईला खण मिळायचा तो ओटीतून, माहेरून, लग्नकार्यातून.

मी कॉमर्सची, त्यामुळे हिशेब मांडून बघते. एका बाजूला शिंप्याची मजुरी, दुसऱ्या बाजूला अख्खा खण वाया जायचा धोका. कागदावर तरी मजुरी देणंच शहाणपणाचं दिसतं. पण त्या मजुरीचे रोख पैसे बाईच्या हातात नसत, ते मागावे लागत. आणि परक्या पुरुषाला अंगाचं माप देणं ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती. या दोन्ही रकमा कुठल्याच वहीत लिहिलेल्या नसतात. त्या धरल्या की कात्री घरात का चालायची ते कळतं.

शिवाय चोळीची बेतणीच अशा घरासाठी झालेली होती. जुन्या गाठीच्या चोळीचे बहुतेक तुकडे सरळ रेषेत कापलेले. बाहीला काठ यावा म्हणून काठाची बाजू आधी राखून ठेवायची आणि उरलेल्यातून अंग काढायचं. बाही सरळ असली की हात वर करताना काखेत ओढ बसते. तिथे उरलेल्या कापडाची लहान कळी जोडायची, म्हणजे जो तुकडा वाया गेला असता तोच चोळी फाटण्यापासून वाचवायचा. समोर हुक नाही, बटण नाही, नुसती गाठ. बाळंतपणानंतर अंग भरलं की गाठ सैल, उतरलं की घट्ट. टेप नसताना, वितीने आणि बोटांनी मापून हे जमायचं, कारण दोन बोटांचा फरक गाठीत सामावून जायचा.

सुई-दोरा आपल्या भागाला नवा नाही. घोड नदीकाठी चांडोलीला डेक्कन कॉलेजने उत्खनन केलं, तेव्हा तांब्याच्या मण्यांत जवसाच्या झाडापासून काढलेल्या दोऱ्याचा अवशेष मिळाला. ती वस्ती तीन हजार वर्षांहून जुनी. आणि आपल्या आगमांत तर सुईचा नियमच आहे. आचारांग सूत्राच्या दुसऱ्या श्रुतस्कंधात सांगितलं आहे की साधूने स्वतःसाठी गृहस्थाकडून सुई मागून आणली, तर ती दुसऱ्याला द्यायची नाही. काम झालं की परत न्यायची, आणि देताना समोरच्याच्या हातात द्यायची नाही. आपल्या उघड्या तळव्यावर किंवा जमिनीवर ठेवून ‘ही घ्या’ म्हणायचं. आपल्याकडे अनेक घरांत अजून सुई हातात देत नाहीत, खाली ठेवतात. तिन्हीसांजेला तर देतच नाहीत. दोन्हींचं नातं मी लावत नाही. पण एवढ्याशा वस्तूचा एवढा विचार झालेला पाहून मला फार बरं वाटतं.

मग यंत्र आलं. अमेरिकेत एलियास होव यांना 1846 साली पेटंट मिळालं, आयझॅक सिंगर यांना 1851 साली. हप्त्याने मशीन विकायची युक्तीही सिंगर कंपनीने लवकरच काढली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला ती मशिनं मुंबईच्या बाजारात रुळली होती. यंत्रांवर एवढी टीका करणाऱ्या गांधीजींनी याला मात्र सूट दिली. 1924 साली शांतिनिकेतनचे विद्यार्थी रामचंद्रन यांच्याशी बोलताना त्यांनी शिवणयंत्राला अपवाद मानलं. पत्नीचे हाताने टाके घालण्याचे कष्ट पाहवेनात म्हणून सिंगर यांनी ते केलं, असं ते म्हणाले. खरं तर बायकोच्या शिवणाकडे बघत बसल्याची गोष्ट होव यांच्याबद्दल सांगतात. सिंगर यांचे संसार अनेक आणि मुलं वीसहून जास्त; त्यांच्याबाबतीत ही गोष्ट काही पटत नाही. पण गांधीजींनी यंत्र तपासलं ते घरातल्या बाईचा भार हलका होतो का, या कसोटीवर. ती कसोटी मला मान्य आहे.

पुण्यात रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने 1909 साली सेवासदन सुरू झालं आणि तिथे शिवणाचे वर्ग चालले. त्याच सुमारास मुंबईत शेठ माणिकचंद यांच्या कन्या मगनबाई यांनी श्राविकाश्रम उभारला. त्या स्वतः तरुणपणी विधवा झालेल्या. धर्मशिक्षणाबरोबर स्वतःच्या पायावर उभं राहता यावं, हा त्यामागचा हेतू. आपल्या समाजातल्या बाईने शंभराहून जास्त वर्षांपूर्वी हे केलं, हे आपल्या मुलींना कोणी सांगत नाही.

मशिनीबरोबर पोलकं आलं, झंपर आला, गोलाईचा मुंढा आणि हुकपट्टी आली. गाठ गेली, आणि दोन बोटांची माफी देणारी जागाही तिच्याबरोबर गेली. कित्येक घरांत मग अशी वाटणी झाली की कापड शिंप्याकडून कापून आणायचं आणि शिवायचं घरी. आमच्याकडेही तसंच होतं. यात बायकांचं कौशल्य कमी झालं असं म्हणतात, ते मला पटत नाही. भीती कशाची होती ते त्यांना नेमकं कळलं होतं. टाका चुकला तर उसवता येतो. कात्री चुकली की संपलं.

ही भीती आजही आहे, फक्त कपाटात जाऊन बसली आहे. किती जणींच्या कपाटात आईचा एखादा रेशीमकाठी खण, सासूबाईंची नऊवारी घडी न मोडता पडून आहे! ‘कापायला जीव होत नाही.’ आता रेशमाचा प्रश्न आपल्या धर्मात आहेच. नवं रेशीम घ्यायचं नाही असा नियम घेतलेल्या मैत्रिणी मला माहीत आहेत, आणि त्यांचं बरोबर आहे. पण घरात असलेल्याचं काय? वर्षानुवर्षं एकाच घडीत राहिलेलं रेशीम घडीवरच चिरतं. कसर लागते ती वेगळी, आणि मग झटकताना, उन्हात टाकताना जी हिंसा होते तिचं काय? साध्वीजी रोज वस्त्रांचं पडिलेहण करतात, म्हणून त्यांच्याकडे मोजकीच वस्त्रं शोभतात. आपण वर्षातून एकदाही बघत नाही ते कापड सांभाळलं असं कसं म्हणायचं?

म्हणून माझं मत, ते कापावं. आधी खण उलगडून उजेडासमोर धरा, विरलेल्या जागांना खडूने खूण करा. अंगाला बसणारं जुनं ब्लाउज उसवून त्यावरून खाकी कागदावर आकार काढा. तोच आकार मांजरपाटावर शिवून अंगात घालून पाहा. मांजरपाट स्वस्त आहे, तिथे हव्या तेवढ्या चुका होऊ देत. मग काठ कुठे येणार ते ठरवा आणि विरलेला भाग काखेच्या किंवा ओढ बसण्याच्या जागी येत नाही ना ते पाहा. आतून मऊ सुती अस्तर लावलं की जुन्या कापडावरचा ताण अस्तर घेतं. कापड कमी पडलं तर पाठीला दुसरं सुती कापड लावून काठ बाहीला ठेवा. पणजीने काखेत कळी लावली होती, तसंच हे.

ज्यांच्याकडे जुना खण नाही, त्यांना हा सगळा खटाटोप करायचं कारण नाही. आता यंत्रमागावरचा खण सगळीकडे मिळतो, ताग्यातून. दुकानदार विचारतो, ‘किती मीटर फाडू?’