हेडफोन, बंद कपाचे : वऱ्हाडातील वापर

ज्या हेडफोनच्या कपाची पाठ लाकूड, धातू, प्लास्टिक किंवा काचेने पूर्ण मिटवलेली असते आणि ज्याची गादी कानाभोवती सगळीकडून टेकते, तो बंद कपाचा हेडफोन. दुकानात त्याला ‘क्लोज्ड-बॅक’ म्हणतात. पाठीला जाळी असलेला तो ‘ओपन-बॅक’. उघड्या हेडफोनचा आवाज मोकळा वाटतो, पण त्यात घरातला सगळा गलका येतो. बंद हेडफोन गलका अडवतो, मात्र कंप पावणाऱ्या पडद्याच्या मागे फेकलेला आवाज कपातच अडकतो. त्याची विल्हेवाट कशी लावायची, हा या प्रकारातील जुना प्रश्न आहे आणि महागड्या नमुन्यांतील बराचसा पैसा त्याच्यावरच खर्च होतो.

वऱ्हाडातील अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांत याखेरीज आणखी एक प्रश्न आहे. इथे होळीपासून मृगापर्यंत घरोघरी कूलर चालतो. त्या घरघरीत उघडा हेडफोन निरुपयोगी ठरतो, म्हणून बंद हवा. आणि ज्या उन्हामुळे कूलर लागतो त्याच उन्हात बंद हेडफोन कानावर ठेववत नाही. परदेशी परीक्षणांत आवाज आणि आराम यांना वेगवेगळे गुण देतात. वऱ्हाडात तसे करता येत नाही, कारण कानाला घाम सुटला की गादी सरकते आणि गादी सरकली की आवाज बदलतो.

पूर्वपीठिका : अमेरिकेतील नॅथॅनिएल बाल्डविन यांनी १९१० मध्ये अमेरिकी नौदलासाठी हेडफोन बनवले. १९३७ मध्ये बायरडायनॅमिकने डीटी ४८ काढला. डायनॅमिक पद्धतीचा पहिला हेडफोन म्हणून त्याचा उल्लेख होतो. जॉन कॉस यांचा स्टिरिओ हेडफोन १९५८ चा. सेनहायझरने १९६८ मध्ये एचडी ४१४ आणून पाठ उघडी केली आणि तेव्हापासून ‘बंद’ हे विशेषण लावण्याची गरज निर्माण झाली.

कूलर : वऱ्हाडातील लोखंडी कूलरचा आवाज तीन थरांचा असतो. पाण्याची टपटप आणि वाऱ्याचा सोसाटा हा वरचा थर, पत्र्याची थरथर मधला आणि पंख्याचा घुमारा खालचा. मोटर मिनिटाला १४०० फेरे घेते आणि पंख्याला चार पाती आहेत असे धरले, तर पात्यांचा घुमारा सुमारे ९३ हर्ट्‌झवर येतो. ५० हर्ट्‌झच्या विजेमुळे मोटरची गुणगुण १०० हर्ट्‌झवर असते. बंद कप वरचा थर उत्तम अडवतो. हजार हर्ट्‌झच्या पुढे २० डेसिबल किंवा त्याहून अधिक घट सहज मिळते. पण २०० हर्ट्‌झच्या खाली साधा बंद कप फारसे काही करत नाही. म्हणजे पाणी आणि वारा नाहीसे होतात, घुमारा तसाच राहतो. तबल्याच्या डग्ग्याचा गाभा याच पट्ट्यात आहे. काळी एकमध्ये गाणाऱ्या गायकाच्या तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ हर्ट्‌झच्या आसपास लागते, तीही इथून फार दूर नाही. त्यामुळे ऐकणाऱ्याला आपला हेडफोन ‘बेसला कमी’ वाटतो आणि तो आवाज वाढवतो.

प्रस्तुत नोंदकर्त्याला याचा उलगडा अमरावतीत मे महिन्यातील एका दुपारी झाला. विलंबित ख्याल चालू होता, डग्गा ओल्या पुठ्ठ्यासारखा वाजत होता आणि सगळा दोष ध्वनिमुद्रणाच्या माथी मारून झाला होता. तेवढ्यात लाईन गेली. कूलरची पाती सावकाश थांबली. प्लेअर बॅटरीवर होता, त्यामुळे गाणे चालूच राहिले. पुढच्याच समेला डग्ग्याची मींड तळहाताच्या दाबासकट ऐकू आली. ते सुख दहाएक मिनिटे टिकले, मग कानामागून घामाची धार लागली. लाईन आली तेव्हा आनंद की दुःख, हे सांगणे अवघड होते.

इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने गलका खोडणारे ‘नॉइज कॅन्सलिंग’ हेडफोन हा घुमारा चांगला काढतात, कारण एकसारखा, खालच्या पट्टीतला आवाज हेच त्यांचे सोपे भक्ष्य. कट्टर रसिक त्यांना उच्च श्रेणीत धरत नाहीत. या वादात येथे शिरलेले नाही.

गादी : या नोंदीत गादीला कपापेक्षा जास्त जागा दिली आहे, आणि ती जाणूनबुजून. बंद हेडफोनचा खर्ज हवाबंद बसण्यावर अवलंबून असतो. कानाभोवतीची हवा कोंडलेली असेल तरच पडदा तिला नीट दाबू शकतो; फट राहिली की दाब निसटतो आणि खालचे सूर सर्वांत आधी जातात. चष्म्याची काडी एवढी फट पाडायला पुरेशी असते. कानावरचे दाट केस, गालाचे हाड, पगडीसारखा बांधलेला रुमाल, सगळ्यांचा परिणाम तोच. म्हणूनच एकाच हेडफोनबद्दल दोन माणसे दोन टोकांची मते देतात आणि दोघेही खोटे बोलत नसतात.

गादीचे आवरण मुख्यतः दोन प्रकारचे. खरे किंवा नकली चामडे हवा धरून ठेवते, त्यामुळे खर्ज भरीव येतो आणि बाहेरचा आवाजही जास्त अडतो. मखमली कापड, ज्याला कंपन्या ‘वेलूर’ म्हणतात, थोडी हवा झिरपू देते. कान कोरडा राहतो, पण अडवणूक कमी होते. थंड देशांत हा आवडीचा प्रश्न असेल. अकोल्यात मे २०२० मध्ये पारा ४७.४ अंशांवर गेला होता, आणि मे २०२४ मध्ये उष्णतेपायी जिल्हा प्रशासनाने कलम १४४ लागू केले होते. बाहेरची हवा अंगाच्या तापमानापेक्षा गरम असते तेव्हा शरीराला उष्णता टाकायला एकच वाट उरते, ती म्हणजे घाम वाळणे. वऱ्हाडातील हवा उन्हाळ्यात कोरडी असते, म्हणून घाम लवकर वाळतो. कूलरही याच तत्त्वावर चालतो. चामड्याची गादी नेमकी ती वाट बुजवते. खोलीत वैशाख असतो आणि कपात श्रावण.

घाम आणि उष्णता यांनी नकली चामड्याचे आयुष्यही घटते. वरचा थर आधी सुरकुततो, मग त्याचे काळे पापुद्रे सुटतात आणि कानाच्या पाळीला, मानेला, उशीच्या अभ्र्याला चिकटतात. नोंदकर्त्याच्या एका जोडीची गादी तिसऱ्या उन्हाळ्यात अशी उलली. घरच्यांना ते डोक्यातले काहीतरी वाटले. तेव्हा गादी बदलून मिळते का, हे विकत घेण्याआधी पाहावे. गादी बदलताना मूळ जाडीची आणि मूळ आवरणाचीच घ्यावी, कारण पडदा आणि कान यांतले अंतर बदलले की वरच्या पट्टीचा तोल ढळतो.

सुती खोळ हा स्थानिक तोडगा. उन्हात निघताना इथला माणूस कानावरून दुपट्टा बांधतोच. गादीला धुवट सुती कापडाची खोळ घालणे ही त्याच सवयीची पुढची पायरी. पातळ खोळीने खर्ज किंचित उतरतो, पण बसणे सुसह्य होते. खोळ रोज बदलावी.

कापूस : कपाच्या आत कोंडलेला आवाज भिंतींवर आपटून परततो. कपाची खोली ३ सेंटिमीटर धरली तर ५,७०० हर्ट्‌झच्या आसपास तो स्वतःतच गुंतून एखादा सूर फुगवतो किंवा बुजवतो. त्यावर सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे कपात मऊ, तंतुमय भरण. फॉस्टेक्सचा टी५०आरपी हा अर्धवट उघडा हेडफोन घरी बंद करून त्यात कापूस भरणे हा हौशी लोकांचा प्रसिद्ध उद्योग होता. अमेरिकेतील मिस्टरस्पीकर्स (आताची डॅन क्लार्क ऑडिओ) ही कंपनीही सुरुवातीला त्याच हेडफोनच्या सुधारित आवृत्त्या करीत असे. वऱ्हाडात कापसाची वाण नाही. मात्र रुई मोकळी पिंजून, मोजक्या चिमटीनेच घालावी. ठासून भरली तर कपातील हवेची जागा घटते आणि आवाज बोदा होतो. सरकीचे कण राहिले तर ते पडद्यावर खडखडतात.

प्रमुख नमुने : सोनीचा एमडीआर-आर१० (१९८९) हा या वर्गातील दंतकथा झालेला नमुना. जपानी झेल्कोव्हा लाकडाचे कप आणि जिवाणूंनी तयार केलेल्या सेल्युलोजचा पडदा ही त्याची वैशिष्ट्ये. फॉस्टेक्स टीएच९०० च्या कपांवर उरुशी ही जपानी लाख चढवलेली असते. डेनॉन एएच-डी९२०० (२०१८) चे कप मोसो बांबूचे आहेत. मेळघाटात उगवतो तो बांबू मानवेल. त्याची जात वेगळी आणि कांडे बहुधा भरीव. धारणी तालुक्यातील लवादा येथे संपूर्ण बांबू केंद्रात त्याच्या घरगुती वस्तू होतात. डेनॉनचा हा नमुना सुमारे ३७५ ग्रॅमचा असून बसायला हलका वाटतो, मात्र गादी नकली चामड्याची.

सेनहायझर एचडी ८२० (२०१८) मध्ये पाठीला काच आहे. पडद्यामागचा आवाज वळणदार काचेवरून परतवून शोषक कप्प्यांत सोडण्याची ती युक्ती. खालच्या मध्यपट्टीत, ३०० हर्ट्‌झच्या सुमारास, त्यात खळगा असल्याचे अनेक मापनांत दिसते; तो दोष मानावा की रचनेचा भाग, यावर एकमत नाही. फोकल स्टेलिया (२०१९) चा पडदा बेरिलियमचा, वजन सुमारे ४३५ ग्रॅम. तो ३५ ओहमचा असल्याने फोनवरही बऱ्यापैकी वाजतो. ऑडेझी एलसीडी-एक्ससी सहाशे ग्रॅमच्या वर जातो. त्याचा खर्ज भारदस्त आहे; मानही भारदस्त लागते. डॅन क्लार्क स्टेल्थ (२०२१) मध्ये पडदा आणि कान यांच्यामध्ये बारीक नळ्यांची जाळी बसवून नको ते सूर शोषले जातात. वजन सुमारे ४१५ ग्रॅम.

या पंक्तीत किमतीने न बसणारा, पण वऱ्हाडासाठी वगळता न येणारा नमुना म्हणजे बायरडायनॅमिक डीटी ७७० प्रो. १९८० च्या दशकापासून चालत आलेला, सुमारे २७० ग्रॅमचा, आणि ८० व २५० ओहमच्या आवृत्त्यांत गादी मखमली. ३२, ८० आणि २५० ओहम अशा आवृत्त्यांत तो मिळतो. २५० ओहमचा ‘अधिक स्वच्छ’ वाजतो असे म्हणतात. ते मत सार्वत्रिक नाही. सुटे भाग सहज बदलता येतात. दोष एकच, ८ हजार हर्ट्‌झच्या आसपासचा उंचवटा.

तो उंचवटा पारखण्यासाठी खंजिरीइतके चांगले साधन नाही. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या (१९०९–१९६८) खंजिरी भजनांची ध्वनिमुद्रणे गुरुकुंज मोझरीच्या परिसरात आजही घरोघरी वाजतात. चांगल्या हेडफोनवर खंजिरीचे चामडे आणि तिच्या झांजा वेगवेगळ्या ऐकू येतात. उंचवटा असलेल्यावर झांजा पुढे येऊन चरचरतात आणि चामडे मागे पडते. कप घुमणारा असेल तर उलटे होते : थाप सुजते, झांजा विरतात. मध्यपट्टीसाठी अमरावतीत जन्मलेल्या सुरेश भटांच्या गझला घ्याव्यात; हृदयनाथ मंगेशकरांच्या चालींत शब्दाच्या शेवटी श्वास कुठे सुटतो हे ऐकू आले पाहिजे. बहुतेक परदेशी परीक्षक वापरतात त्या रॉक आणि जॅझच्या चाचण्यांतून हे कळत नाही.

मापन : कृत्रिम कान आणि डोके वापरून आलेख काढतात. शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी यांच्या संशोधनातून आलेली ‘हार्मन’ रेषा (चांगल्या हेडफोनचा आलेख कसा असावा हे सांगणारी) सध्या तुलनेला धरतात. कृत्रिम डोक्याला घाम येत नाही.

तापमानाने आवाज बदलतो का, असा प्रश्न इथे नेहमी येतो. २५ अंशांना हवेत आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४६ मीटर, ४५ अंशांना सुमारे ३५८. म्हणजे कपातील घुमण्याच्या जागा सुमारे तीन-साडेतीन टक्क्यांनी वर सरकतील. हा फरक कोणाला ऐकू येईल असे वाटत नाही. गादीतील फोम मात्र उष्णतेने मऊ होऊन चेहऱ्याला अधिक चांगला चिकटतो, आणि त्याने खर्ज सुधारतो. वैशाखाच्या बाजूने एवढे एकच सांगता येते.

हंगाम : बंद हेडफोनवर ऐकण्याचा वऱ्हाडातील खरा हंगाम दिवाळी ते होळी. पावसाळ्यात कूलर बंद असतो, पण हवा दमट झाल्याने मखमल ओलसर राहते. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, पहाटे चार ते सहा एवढीच वेळ धरावी.

किंमत : स्टेलिया, स्टेल्थ, एचडी ८२० यांच्या किमती लाखाच्या वर. जीएसटी १८ टक्के.

कानाची काळजी : जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ऐकावा. कूलर चालू असताना डग्गा ऐकू यावा म्हणून वाढवलेला आवाज कूलर बंद झाल्यावर कमी करायचा राहून जातो. तेव्हा पातळी आधी कूलर बंद करून ठरवावी, मग कूलर लावावा.