हळद : शब्द आणि द्रव्य

हातकणंगल्याशेजारची सांगलीची हळदपेठ सर्वश्रुत आहे. ‘हळद’ हा शब्द संस्कृत ‘हरिद्रा’पासून प्राकृत ‘हलिद्दा’च्या द्वारे मराठीत आला. हळदीतील पिवळ्या द्रव्याचे ‘कर्क्युमिन’ हे नाव मात्र अरबी ‘कुर्कुम’चे वंशज होय. हे द्रव्य फोगेल व पेल्तिए यांनी १८१५ साली वेगळे काढले. त्याची रेणुरचना १९१० साली निश्चित झाली.

स्वादुपिंडाच्या कर्करोगावर त्याचा उपयोग होईल काय, हा प्रश्न अलीकडचा. अमेरिकेतील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्राने २००८ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत २५ रुग्ण होते. मात्रा रोज ८ ग्रॅम होती. मूल्यमापन झालेल्या २१ जणांपैकी दोघांतच परिणाम दिसला. एकाचा रोग अठरा महिन्यांहून अधिक काळ स्थिर राहिला. दुसऱ्याची गाठ बरीच आक्रसली, परंतु अल्पकाळच. पोटात घेतलेले कर्क्युमिन रक्तात अत्यल्प उतरते, ही मुख्य अडचण होय.

प्राचीन वैद्यकग्रंथांतील हरिद्रेचे उल्लेख तिच्या वापराची साक्ष देतात, या रोगावरील गुणाची नव्हे. शब्दाच्या प्राचीनत्वास औषधाचे प्रमाण मानून रुग्णाने उपचार सोडणे, हा प्राणघातक प्रमाद ठरेल.