मोटेचा टाका

ज्या काळी करवीर भागातले मळे मोटेवर भिजत, त्या काळी ऐन पाळीत मोट उसवणे ही लहानसहान आपत्ती नव्हती. बैल जुंपलेले, पीक तहानलेले, आणि पाणी थारोळ्यात पडण्याऐवजी वाटेतच पुन्हा विहिरीत गळते आहे! अशा वेळी चर्मकाराला निरोप जाई. तो आरीने भोक पाडी आणि चामड्याच्या वादीने टाका घाली. वेळप्रसंगी दोरा कसा निवडावा, याचे सारे शास्त्र त्या एका टाक्यात आहे.

मोटेचे कातडे बारीक, ताठ दोऱ्याने शिवले, तर पाण्याचे ओझे येताच दोरा सुरीसारखा रुततो. दोरा शाबूत राहतो आणि कातडे फाटते. वादी रुंद, शिवाय कातड्याच्याच जातीची. भिजली की फुगते आणि भोक बुजविते. कोल्हापुरी चप्पल खिळ्यावाचून वादीने शिवतात, तीही याच न्यायाने. २०१९ साली महाराष्ट्र व कर्नाटकातील प्रत्येकी चार जिल्ह्यांसाठी या चपलेस भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच्या मुळाशी हीच कारागिरी आहे.

कापडाचा न्याय निराळा नाही. सुताला बळ येते ते पिळाने. दोन-तीन सुते एकत्र घेऊन त्यांस उलट दिशेने पीळ दिला, म्हणजे न उलगडणारा दोरा होतो. १९०६ साली राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात कापडगिरणीचा पाया घातला. ती २००३ साली बंद पडली. सूतगिरणी कोणतीही असो, पीळ कमी दिला की चातीवरून सूत अधिक निघते, पण कच्चे निघते. आणि तुटलेले धागे जोडता जोडता कामगार मेटाकुटीस येतो. कच्च्या दोऱ्याची किंमत अशी आधी कामगार मोजतो, गिऱ्हाईक मागाहून.

१९४१ साली इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी पॉलिएस्टरचा धागा शोधून काढला. तो ओला झाला तरी बळ सोडीत नाही, कुजतही नाही. ताडपत्रीस, तंबूस तो उत्तम. पण जुन्या, विरलेल्या धोतराला तोच कापीत जातो. सुती दोरा भिजल्यावर उलट अधिक बळकट होतो, मात्र दिवसेंदिवस ओला राहिला तर कुजतो. म्हणून रानात, वाटेत काही फाटले तर दोरा कापडाहून किंचित हलका घ्यावा. तुटायचाच तर टाका तुटावा, कापड नव्हे. दोरा प्रथम ताणून, मग हिसका देऊन पाहावा. मेणावरून ओढून घ्यावा, म्हणजे पीळ बसतो. जवळ दोराच नसेल, तर जुन्या कापडातून काठाला समांतर जाणारा ताण्याचा धागा काढावा. मागाचा ओढा त्याला सोसावा लागतो, म्हणून बाण्याहून तो बहुधा चिवट असतो.

आता हे ज्ञान ज्यांच्या हातांत होते, त्यांच्याविषयी. मोट शिवणारा चर्मकार आणि तिचा नाडा वळणारा मांग, दोघेही गावचे बलुतेदार. त्यांच्या हातचे कातडे व दोर दिवसभर विहिरीत बुडत, त्या पाण्यावर ऊस वाढे. परंतु त्याच विहिरीचे पाणी आपल्या हाताने शेंदून पिण्याची मुभा त्या हातांना नव्हती. मोट बाटत नसे, माणूस बाटवी! सार्वजनिक पाणवठे सर्वांस खुले करण्याचे हुकूम शाहू महाराजांनी १९१९ साली काढले. महाडास चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेण्यासाठी १९२७ साली सत्याग्रह करावा लागला.

पुढे इंजिने आली, विजेचे पंप आले, आणि मोट मागे पडली. आज ती कोठे संग्रहालयात दिसते, शेजारी एक पाटी असते. त्या पाटीवर मोटेचे माप जरूर लिहावे. आणि जो ती शिवीत असे, त्याला त्या विहिरीवर पाणी मिळत होते काय, हेही लिहावे.