पाना आणि पाटी

परभणी जिल्ह्याचा इतिहास सांगताना आपण बहुधा 1948 च्या मुक्तिसंग्रामापाशी थांबतो. आम्हांला आज त्यापुढचा, यंत्रांचा इतिहास सांगावयाचा आहे. जिंतूर तालुक्यात येलदरीला पूर्णा नदीवर मातीचे धरण झाले. 1968 साली ते पुरे झाले. चार किलोमीटरांहून लांब भराव! मातीचा थर पसरावयाचा, दाबावयाचा, की त्यावर दुसरा.

अशा कामावर बुलडोझर बंद पडला, की मागचे सारेच खोळंबतात. त्या घटकेला मिस्त्रीला सर्टिफिकेट कोण विचारतो? धूर पाहून तो दुखणे सांगतो: निळा असेल तर ऑइल जळते आहे, काळा असेल तर डिझेल जास्त किंवा हवा कमी. ही विद्या हात काळे केल्यावाचून येत नाही. पण हवा का कमी पडली, हे शोधावयास थोडी पाटीही लागते; आणि हायड्रॉलिक पंपापुढे तर नुसते कान पुरत नाहीत, गेज वाचता यावा लागतो.

सरकारने 1950 साली कारागीर प्रशिक्षण योजना काढली. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने कामावरचे शिक्षण आणि वर्गातले शिक्षण एकत्र बांधले, वर विद्यावेतनही दिले. ही तोड आम्हांला पसंत आहे.

परंतु वर्गाची पायरी न चढलेल्या मिस्त्रीचे काय? धरण पुरे झाले की काम हलते. दुसऱ्या गावी त्याच्यापाशी दाखवावयास काहीच नसते. अनुभवाची परीक्षा घेऊन दाखला देण्याची सोय 2015 च्या प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत आली. येलदरीच्या पिढीला मात्र ती फार उशिराची.