वैतरणेच्या तोंडावर

भर पावसाळ्यात अर्नाळ्याचा किल्ला बघायला जाणारा येडा मी एकटाच असणार. नाववाला म्हणालाच, "साहेब, दिवाळीनंतर यायचं ना!" पण नेलं बिचाऱ्याने.

किल्ला बेटावर, वैतरणेच्या मुखाशी. १७३७ मध्ये, पहिल्या बाजीरावाच्या काळात, मराठ्यांनी हे बेट पोर्तुगीजांकडून घेतलं आणि तट बांधला. दरवाजावर शिलालेख आहे, हत्ती-वाघही कोरलेत. हिशोब सरळ होता: खाडीचं तोंड हातात आलं की वसईची उत्तरेकडची वाट अडते. मे १७३९ मध्ये वसई पडलीच. (१७८१ मध्ये अर्नाळा इंग्रजांनी घेतला. असो.)

आत त्र्यंबकेश्वराचं देऊळ दिसलं आणि थबकलो. वैतरणा त्र्यंबकच्या डोंगरातली, आणि आमची गोदावरीसुद्धा! ही दीडशे किलोमीटरच्या आसपास धावून इथे समुद्राला मिळते. ती शहागडवरून साडेचौदाशे किलोमीटर जाते, निदान नकाशात तरी. आजोबा शहागडला उन्हाळ्यातही नदीत पोहायचे म्हणे. १९७६ मध्ये वर पैठणला जायकवाडी झालं. माझ्या लहानपणी मे महिन्यात पुलाखाली वाळूच असायची, आम्ही तिथे क्रिकेट खेळायचो.

परतताना नावेतून हात घालून वैतरणेचं पाणी चाखलं. गढूळ, आणि खारट.