हान्स-योखेन फोगेल : म्युनिकचे महापौर, एसपीडीचे अध्यक्ष आणि जमिनीचा प्रश्न

हान्स-योखेन फोगेल (३ फेब्रुवारी १९२६ – २६ जुलै २०२०) हे जर्मनीच्या सोशल डेमोक्रॅटिक पक्षाचे, म्हणजे एसपीडीचे, ज्येष्ठ नेते. म्युनिक आणि पश्चिम बर्लिन या दोन शहरांचं महापौरपद, केंद्रात दोन मंत्रिपदं, संसदेतलं विरोधी पक्षनेतेपद आणि पक्षाचं अध्यक्षपद त्यांनी सांभाळलं. चॅन्सेलरपद तेवढं हुकलं. मात्र एक प्रश्न त्यांनी पहिल्या पदापासून म्हातारपणापर्यंत सोडला नाही : शहर वाढलं की जमिनीचा भाव चढतो, त्या चढलेल्या भावावर हक्क कुणाचा?

जन्म ग्योटिंगेनचा. दुसऱ्या महायुद्धात ते सैन्यात होते, इटलीत युद्धकैदी झाले. नंतर कायदा शिकले, १९५० साली डॉक्टरेट मिळवली आणि त्याच वर्षी पक्षात आले. धाकटे भाऊ बर्नहार्ड गेले थेट विरोधी सीडीयूत, आणि पुढे ऱ्हाइनलँड-पॅलाटिनेट व थुरिंगिया या दोन राज्यांचे मुख्यमंत्री झाले. एकाच घरात दोन पक्ष, तरी भावाभावांचे संबंध चांगले राहिले.

१९६० च्या मार्चमध्ये फोगेल ६४.३ टक्के मतं घेऊन म्युनिकचे महापौर झाले. वय अवघं ३४. तिथला महापौर नुसता मानाचा नसतो. लोक त्याला थेट निवडून देतात आणि प्रशासनही तोच चालवतो. आपल्याकडचे महापौर आणि आयुक्त एकाच खुर्चीत बसल्यासारखं. १९६६ साली त्यांना जवळपास ७८ टक्के मतं पडली. त्याच वर्षी १९७२ चं ऑलिंपिक म्युनिकला मिळालं. मग मेट्रो, लोकल रेल्वे आणि शहराच्या मध्यभागी फक्त पायी चालणाऱ्यांसाठी रस्ते, अशी कामं झपाट्याने उरकली.

जमिनीचा प्रश्न त्यांना भेटला तो इथेच. शहराबाहेरच्या शेताला बांधकामाची परवानगी मिळाली, आपल्या भाषेत एनए झालं, की भाव एका रात्रीत कितीतरी पट होतो. मालकाने त्यासाठी काहीच केलेलं नसतं. रस्ता, गटार, मेट्रो यांचा खर्च करते नगरपालिका. उद्या तिलाच शाळेसाठी जागा लागली तर तो चढा भाव मोजायचा, म्हणजे स्वतःच्या खर्चाने महाग केलेली वस्तू स्वतःच विकत घ्यायची! हिशेबाची साधी समज असलेल्यालाही हे खटकेल. शिवाय जागेच्या भावाचा बोजा शेवटी भाडेकरूवरच येतो.

फोगेल दोन आधार नेहमी पुढे करत. बव्हेरिया राज्याच्या संविधानाचं कलम १६१ सांगतं की मालकाच्या श्रमाशिवाय किंवा भांडवलाशिवाय झालेली जमिनीची मूल्यवाढ जनतेच्या उपयोगी आणावी. आणि १९६७ साली संविधान न्यायालयानेही म्हटलं होतं की जमीन वाढवता येत नाही आणि तिच्यावाचून भागतही नाही, त्यामुळे तिचा वापर निव्वळ बाजारावर सोडता येणार नाही.

पक्षातल्या तरुण डाव्यांशी खटके उडाल्यामुळे १९७२ मध्ये त्यांनी महापौरपद सोडलं. त्याच वर्षी विली ब्रांट यांच्या सरकारात ते बांधकाम व नगरविकास मंत्री झाले. नियोजनामुळे होणाऱ्या मूल्यवाढीतला हिस्सा नगरपालिकेला मिळावा, हा त्यांचा आग्रह. पण १९७६ च्या कायद्यातून ती तरतूद गळाली. संविधानात लिहिलेलं तसंच राहिलं.

१९७४ ते १९८१ ते कायदामंत्री होते. घटस्फोटासाठी दोष कुणाचा हे शोधण्याची गरज संपवणारा कायदा याच काळातला. १९७७ मध्ये अतिरेक्यांनी उद्योजक हान्स-मार्टिन श्लायर यांचं अपहरण केलं. सरकार झुकलं नाही आणि श्लायर यांचा खून झाला. कायदामंत्री म्हणून फोगेल त्या निर्णयात सहभागी होते.

१९८१ च्या जानेवारीत पक्षाने त्यांना अडचणीतल्या पश्चिम बर्लिनला धाडलं. मे महिन्यात निवडणूक हरली आणि महापौरपद काही महिन्यांतच गेलं. १९८३ मध्ये ते चॅन्सेलरपदाचे उमेदवार होते. एसपीडीला ३८.२ टक्के मतं पडली, हेल्मुट कोल जिंकले. मग १९९१ पर्यंत संसदेत पक्षाचं नेतृत्व आणि १९८७ पासून, ब्रांट यांच्यानंतर, अध्यक्षपद. पक्षातल्या पदांवर महिलांना किमान ४० टक्के वाटा १९८८ मध्ये त्यांच्याच काळात ठरला. शिस्त कडक. कागदपत्रं लावलेले त्यांचे पारदर्शक प्लास्टिक फोल्डर पक्षात थट्टेचा विषय होते. राजधानी बॉनहून बर्लिनला नेण्याच्या १९९१ च्या मतदानात ते बर्लिनच्या बाजूने उभे राहिले. १९९४ मध्ये खासदारकी संपली.

त्याच वर्षी म्युनिक पालिकेने नवा नियम केला : नव्या आराखड्यामुळे ज्याच्या जमिनीचा भाव वाढेल, त्याने रस्ते, बालवाड्या आणि परवडणाऱ्या घरांचा भार उचलावा, वाढीचा किमान एक तृतीयांश भाग त्याच्याकडे राहावा. फोगेल यांना देशभर हवं होतं ते निदान एका शहरात, करारांच्या वाटेने, थोडंफार आलं.

२००६ पासून ते पत्नीसह म्युनिकमधल्या वृद्धनिवासात राहत होते. पार्किन्सनने ग्रासलं होतं. तरी २०१९ मध्ये, वयाच्या ९३ व्या वर्षी, त्यांचं शेवटचं पुस्तक आलं. विषय तोच, जमीन. नगरपालिकांनी आपली जमीन विकू नये, ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यावी, अशी मागणी त्यात आहे. पुढच्याच वर्षी म्युनिकमध्ये त्यांचं निधन झालं.